शुक्रवारी बाजार ते नेपच्यून

रायपूरची पहिली रात्र मावशीच्या गच्चीवर काढली. डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा सात तरी वाजले असतील म्हणून धडपडत उठलो, तर घड्याळात पावणेसहा. पुण्यात मेअखेरीस या वेळी सूर्य उगवायचाच असतो. इथे तो कठड्याच्या वीतभर वर येऊन माझ्याकडे बघत होता.

"इकडे लवकरच येतो तो," मावशी वाळवणाचं कापड अंथरत म्हणाली. "तुमच्या पुण्याच्या सूर्याला लोळायची सवय."

दोष पुण्याच्या सूर्याचा नाही, घड्याळाचा आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. रायपूर आहे ८१.६ वर, पुणे ७३.८ वर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर पुण्याचा सूर्य घड्याळामागे अर्धा तास रखडतो आणि रायपूरचा जेमतेम साडेतीन मिनिटं. पन्नास वर्षं आपण बाराला 'भर दुपार' म्हणत आलो आणि पुण्यात ती खरी साडेबाराला होत होती, हे कळायला आझाद हिंद एक्सप्रेसमध्ये एक रात्र घालवावी लागली.

२०१७ सालची गोष्ट. तारीख २६ मे, वार शुक्रवार. आदल्याच दिवशी नौतपा लागला होता. सूर्य रोहिणीत शिरला की पहिले नऊ दिवस इकडची माणसं श्वास रोखून काढतात. आपल्याकडे रोहिणी म्हटलं की शेतकरी मृगाकडे डोळे लावतो, इथे आधी नौतपा नीट तापला की नाही ते बघतात. तापला नाही तर पाऊस कच्चा, असा हिशोब. त्या वर्षी तो तापत होता. मावशीच्या घरी दुपारचं जेवण म्हणजे बोरे-बासी, रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, मीठ, आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांद्याला इथे गोंदली म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी स्वतःहून मागून खाल्ला.

मावशी राहते गुढियारीत. स्टेशनवर उतरलेला पाहुणा शहराकडे तोंड करतो आणि गुढियारी त्याच्या पाठीशी, रुळांच्या पलीकडे राहते. अंडरब्रिजखालून पलीकडे गेलं की किराण्याचा ठोक बाजार सुरू होतो. ट्रक, हातगाड्या, कट्ट्यांच्या (पोत्यांना इथे कट्टे म्हणतात) थप्प्या, हवेत मिरची. पहिल्या दहा मिनिटांत मी सात वेळा शिंकलो. काका वॅगन रिपेअर शॉपमधून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांत त्यांना एकदाही शिंक आली नाही असं ते सांगतात, आणि मावशी मान हलवते, होकारार्थी की नकारार्थी ते कळत नाही.

या दौऱ्याचं कारण मी नव्हतो. कारण होती मावशीची नात, सहावी पास होऊन सातवीत गेलेली, घरात मराठी-हिंदीची भेळ बोलणारी. तिला सुट्टीत 'सौरमंडल का मॉडल' करायचं होतं. थर्माकोलचे गोळे आले होते, काळा पुठ्ठा आला होता, आणि सूर्याहून गुरू जरासाच लहान दिसत होता. "काका, असंच असतं ना?" तिने विचारलं. मी तिच्या पुस्तकात डोकावलो. तिच्या पुस्तकात 'अरुण' आणि 'वरुण' होते. आपल्या शाळेत युरेनस आणि नेपच्यून, आणि घरच्या पंचांगात तोच युरेनस 'हर्षल'. विल्यम हर्शेलने १३ मार्च १७८१ ला तो शोधला, त्याचं नाव ग्रहाला लावायचा विचार युरोपने सोडून दिला, पण मराठी पंचांगकर्त्यांनी पाळला. त्या वर्षी इथे रतनपूरच्या गादीवर नागपूरकर भोसल्यांचे बिंबाजी होते. सूर्यमाला एका रात्रीत दुप्पट रुंद झाली, हे त्यांच्यापर्यंत पोचलं असेल असं वाटत नाही.

"असं नसतं," मी तिला म्हणालो, आणि तिथून पुढचे दोन दिवस गेले.

गुढियारीतल्या भाजीबाजाराचं नाव शुक्रवारी बाजार. पुणेकराला या नावात नवल वाटू नये, पण मी भर रस्त्यात थांबलो. माझा जन्म शनिवारात, आजोळ बुधवारात, नोकरी सोमवारात, शाळा मात्र सदाशिव पेठेत, म्हणजे सूर्यमालेच्या बाहेर. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत. नागपुरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. बिलासपूरला बुधवारी बाजार. उघड्या डोळ्यांना आकाशात जे सात फिरस्ते दिसतात, रवी, चंद्र आणि पाच ग्रह, त्यांच्या नावाने आपण भाजी विकत आलो आहोत.

वारांचा क्रमही वरच्याच फिरस्त्यांवरून आला. सर्वांत मंद शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत चपळ चंद्र. दिवसाच्या चोवीस तासांना, म्हणजे होरांना, या क्रमाने एकेक मालक द्यायचा. साताने चोवीसला भागलं की बाकी तीन उरते, म्हणून दुसऱ्या दिवसाचा पहिला तास तीन घरं पुढच्याकडे जातो. रवीपासून तीन घरं मोजली की चंद्र, चंद्रापासून तीन मोजली की मंगळ. नातीने हे बोटांवर चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी ती भाजीवालीला म्हणाली, "शुक्र के बाद शनि आएगा, पक्का." भाजीवाली म्हणाली, "कल शनिच्चर हे, सबो झन जानथें." सगळ्यांनाच माहीत आहे, यात काय!

तिच्याकडूनच सूर्य घेतला. मखना, म्हणजे तांबडा भोपळा, आडवा मोजून बरोबर पंचवीस सेंटिमीटर. चार भोपळे पट्टीने मोजून परत ठेवल्यामुळे ती जरा नाराज होती.

सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९२ हजार किलोमीटर. तो पंचवीस सेंटिमीटरचा केला तर बाकीचे केवढे, हा हिशोब रात्री काकांच्या जुन्या रेल्वे डायरीत केला होता. पृथ्वी सव्वादोन मिलिमीटर. शुक्र किंचित कमी. मंगळ एक मिलिमीटरच्या थोडा वर, बुध एकाहून कमी. गुरू सव्वीस मिलिमीटर, शनी साडेएकवीस, युरेनस आणि नेपच्यून नऊ-नऊ. डायरी मिटली आणि उजेड पडला: हे सगळं आपल्या दाराशी पोत्यांनी पडलंय. थर्माकोल कशाला?

ठोकच्या पेढीवर माल कट्ट्याखाली सुटत नाही. मुनीमजींनी आमची यादी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. दोन मोहऱ्या, टपोऱ्या. एक राजगिरा. एक खसखस, आणि तिच्याहून बारीक अजून एक. दोन सुपाऱ्या, एक मोठी, एक लहान. दोन काबुली चणे.

"पूजा है?"

"सूर्यमाला है," नात म्हणाली.

शेठजींनी गल्ल्यामागून मान वर केली. समोर बानगीच्या थाळ्या मांडल्या होत्या, वानगीचा माल. त्यातून त्यांनी स्वतः निवडून दिला. मोहरीचे आठ-दहा दाणे तळहातावर फिरवून दोन काढले. या माणसाचा हात रोज किती क्विंटल मालावरून फिरत असेल! त्याने आमची पृथ्वी पसंत केली तेव्हा मला खरोखर बरं वाटलं.

पैसे घेईनात. मग मी त्यांच्याच भाषेत परतफेड केली. म्हटलं, शेठजी, अख्खी सूर्यमाला एका क्विंटलमध्ये बसवा. त्यात सूर्य ९९ किलो ८६० ग्रॅमच्या वर. राहिले सव्वाशे-दीडशे ग्रॅम. त्यातले ९५ ग्रॅम एकटा गुरू, अठ्ठावीस-एकोणतीस शनी, नेपच्यून पाच, युरेनस साडेचारच्या आत. आपली पृथ्वी, सगळे समुद्र, हिमालय, गुढियारी धरून, ग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. तीनशे मिलिग्रॅम.

शेठजी विचारात पडले. "तीन सौ मिलीग्राम," ते मुनीमजींना म्हणाले, "इतना तो बोरे में चिपका रह जाता है." आणि मुनीमजी म्हणाले, "तूट में लिख देंगे."

पृथ्वीचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. नातीच्या हातात पिशवी आणि खडू, काकांच्या हातात छत्री, माझ्याकडे डायरी. एकेक दाणा कागदाच्या चिठ्ठीवर गोंदाने चिकटवला होता. बाजारातल्या एका मोकळ्या ओट्यावर भोपळा ठेवला. माझं पाऊल पाऊण मीटरचं. रस्ता वळला तर वळायचं, पावलांची संख्या खरी, असं ठरवलं.

चौदा पावलं. बुध, खसखस. सव्वीस पावलं. शुक्र, मोहरी. छत्तीस पावलं, पृथ्वी.

इथे थांबलो. चिठ्ठीवर मोहरीपासून चार बोटं दूर दुसरी बारीक खसखस चिकटवली, तो चंद्र. १९६९ ते ७२ या काळात बारा माणसं त्या चार बोटांपलीकडे उतरली, त्यापुढच्या कुठल्याही दाण्यावर आजवर कुणी उतरलेलं नाही. पुढे २०२३ साली चंद्रयान-३ ला ही चार बोटं पार करून उतरायला १४ जुलै ते २३ ऑगस्ट लागले, तेव्हा मला ही चिठ्ठीच आठवली.

मग नातीला मोहरीपाशी उभं केलं आणि मागे वळून बघायला सांगितलं. सत्तावीस मीटरवर ओट्यावरचा भोपळा दिसत होता. हात लांब करून तिने करंगळी धरली, भोपळा झाकला गेला. "आकाशातला सूर्य एवढाच दिसतो," मी म्हणालो. तिला पटेना. सूर्याकडे बघू नकोस म्हणेपर्यंत काकांनी छत्री मधे धरली. पण हे खरं आहे: भोपळा मोहरीवरून जेवढा दिसतो तेवढाच सूर्य पृथ्वीवरून, अर्धा अंश. माप बरोबर लागल्याची ही पावती. मला स्वतःला हे गणिताने माहीत होतं, पण मोहरीच्या जागी उभं राहून करंगळी धरीपर्यंत अंगावर काटा आला नव्हता.

पुढे पंचावन्न पावलांवर मंगळ. राजगिऱ्याचा हा दाणा त्या वेळी आपल्या ओळखीचा झाला होता, कारण सप्टेंबर २०१४ पासून भारताचं मंगळयान त्याच्याभोवती फिरत होतं.

मंगळानंतर चालण्याची जात बदलते. आतापर्यंत 'हे घ्या, ते घ्या' चाललं होतं, आता नुसतं चालणं. शंभर पावलांच्या अलीकडे-पलीकडे लघुग्रहांचा पट्टा. सिनेमात तिथे दगडांची धुमश्चक्री असते. खरं म्हणजे सगळे लघुग्रह एकत्र वळले तरी आपल्या चंद्राच्या शेकडा तीन-चार भागच वजन भरेल, आणि त्यातला तिसरा हिस्सा एकट्या सेरेसचा. रस्त्यावर शोधूनही सापडणार नाही एवढी धूळ. आम्ही पट्टा ओलांडला तेव्हा समोरून कांद्याची हातगाडी आली, तीच काय ती धडक.

एकशे सत्त्याऐंशी, गुरू. मोठी सुपारी, सूर्यापासून एकशे चाळीस मीटर. भोपळा आता दोन ट्रकांच्या फटीतून कसाबसा दिसत होता. इथे एक हमाल आमच्यात सामील झाला. कट्टा उचलायचा आकडा खांद्याला, डोक्याला गमछा. कालपासून त्याने आम्हाला भोपळे मोजताना पाहिलं होतं. "का करत हव भइया?" मी सुपारी दाखवली, मागचा भोपळा दाखवला, काय ते सांगितलं. तो मागे बघत राहिला. "अउ धरती?" पृथ्वी कुठंय? म्हटलं, मागे राहिली, मोहरीएवढी. "अतेक नान!" इतकी लहान! आणि मग तो आमच्याबरोबर चालूच लागला. काकांनी त्याला विचारलं, कामाला नाही जायचं? तो म्हणाला, गाडी आठला लागते.

शनी तीनशे बेचाळीस पावलांवर. लहान सुपारी. नातीने कागदाची चकती कापून आणली होती कडं म्हणून, पाच सेंटिमीटर रुंद. रुंदी बरोबर, जाडी मात्र कुठल्याच कागदाने साधणार नाही, कारण पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली ही कडी जाडीला बहुतेक जागी काही मीटरच आहेत. त्याच उन्हाळ्यात कॅसिनी यान शनी आणि कड्यांच्या फटीतून बुड्या मारत होतं. १५ सप्टेंबरला ते शनीतच जळालं. आणि शनीच्या चंद्रांची गिनती अजून चालूच आहे, २०२५ च्या मार्चमध्ये एका दमात १२८ नवे धरले, तेव्हा एकूण २७४ झाले. शेठजींच्या पेढीवरसुद्धा इतक्या जिनसा नसतील.

इथून युरेनस दुप्पट दूर. सहाशे अठ्ठ्याऐंशी. मी मोजत होतो, नात दमली होती, ऊन चढत होतं. ज्या सूर्यमालेचं आपण पोस्टर पाहतो तिथे एका ग्रहाची कोपरं दुसऱ्याला लागतात. इथे एक काबुली चणा हातात घेऊन पाव किलोमीटर चाललो आणि वाटेत काहीच नाही. मधेच नातीने विचारलं, "काका, बीच में कुछ छूटा तो नहीं?" नाही गं, काही सुटलं नाही. मधे आहेच एवढं.

तेवढ्यात तिने खाली पाहिलं. मुंग्यांची रांग रस्त्याच्या कडेने चालली होती, आणि मला डायरीतला एक आकडा आठवला. या मापात प्रकाश किती वेगाने जातो? भोपळ्यापासून मोहरीपर्यंतचे सत्तावीस मीटर त्याला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच सेंटिमीटर. मुंगीची चाल! विश्वातला सर्वांत वेगवान प्रवासी गुढियारीच्या रस्त्यावर मुंगीसारखा चालला होता आणि आम्ही त्याला कितीतरी मागे टाकून आलो होतो. भोपळ्यापासून निघालेल्या मुंगीला नेपच्यून गाठायला चार तासांवर वेळ लागेल. आम्ही अर्ध्या तासात, गप्पा मारत.

एक हजार शहात्तराव्या पावलावर नेपच्यून. दुसरा चणा. भोपळ्यापासून आठशे मीटर. मागे बघून उपयोग नव्हता, वळणं होती, पण सरळ रस्ता असता तरी भोपळा एका टिंबाएवढा दिसला असता. हा ग्रह कुणी आकाश चाळून शोधला नाही. युरेनस गणितापेक्षा वाकडा चालतो, त्याला कुणीतरी ओढतंय, म्हणून लव्हेरिएने पॅरिसमध्ये कागदावर जागा काढली आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनला गॅलने दुर्बीण तिकडे वळवली. चणा तिथेच होता.

काका एका पानटपरीच्या सावलीत टेकले. "प्लुटो?" त्यांनी विचारलं. त्यांच्या शाळेत तो नववा ग्रह होता. अजून साडेतीनशे पावलं पुढे, साखरेच्या कणाएवढा. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्रागला त्याला ग्रहांच्या पंक्तीतून उठवला. त्याच्यासाठी कुणी चालेना. पण मला एका मराठी माणसासाठी चालायचं होतं. बागलकोटला मास्तरकी करणारे व्यंकटेश बापूजी केतकर, 'ज्योतिर्गणित'वाले. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं की नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. त्यांना नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं अंतर त्यांनी काढलं पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट, एक फेरी २४२ वर्षांची. १९३० साली टॉम्बॉने प्लुटो शोधला, त्याचं अंतर निघालं साडेएकोणचाळीस पट, फेरी २४८ वर्षांची. केतकर त्याच वर्षी गेले. खरं सांगायचं तर प्लुटो इतका हलका आहे की त्याच्या ओढीने काही ओळखता येण्यासारखं नव्हतं. केतकरांनी गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांमधला ताल बाहेरच्या ग्रहांना लावून पाहिला आणि तो ताल जुळला. योगायोगाचा वाटा मोठा. तरीही बागलकोटच्या त्या मास्तरांपेक्षा माझं पाऊल फार पुढे-मागे पडलं नव्हतं: त्यांचा ब्रह्मा १,३९४ पावलांवर, प्लुटो १,४१४. वीस पावलांची चूक. मी तेवढी चाललो, हमाल बरोबर होता.

"अउ ओखर आगू?" त्याच्या पुढे?

पुढे बर्फाच्या गोळ्यांचा पट्टा, आणि १९७७ साली सुटलेलं व्हॉयेजर-१ यान. २०१७ साली ते भोपळ्यापासून पावणेचार किलोमीटरवर पोचलं होतं, म्हणजे बूढा तालाबच्या आसपास. तिथल्या बेटावर विवेकानंदांचा पुतळा आहे. लहानपणी ते दोन वर्षं रायपुरात राहिले, १८७७ पासून. त्याच वर्षी मंगळाचे दोन चंद्र सापडले होते. आणि व्हॉयेजरच्याही पुढे, सगळ्यांत जवळचा दुसरा भोपळा? त्याच्याकडे वळलो तर रायपूर सुटतं, भारत सुटतो. सात हजार दोनशे किलोमीटर. ॲमस्टरडॅमच्या जरा अलीकडे.

हमालाला ॲमस्टरडॅम माहीत नव्हतं. मी म्हटलं, बंबईच्या पलीकडे, फार पलीकडे. तो म्हणाला, मधे काहीच नाही? काहीच नाही. त्याने गमछा डोक्यावरून काढून झटकला आणि गाडी लागली असेल म्हणून परत गेला.

दुपारी बाराला आम्ही पुन्हा गच्चीत. तळपायाला चटके, काकांची छत्री मिटून उभी धरलेली. रायपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यात. जुलैची वेळ ढगात जाते, कुणाच्या लक्षात येत नाही. पुण्याला हे मेच्या तेरा-चौदा तारखेला घडतं, साडेबाराच्या सुमारास. इथे बारा वाजून मिनिट होतं न होतं तोच छत्रीची सावली तिच्या टोकाखाली शिरली आणि संपली. घड्याळ आणि सूर्य इतके एकमेकांशी प्रामाणिक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. नात पायाशी वाकून आपली सावली शोधत होती. खालच्या गल्लीतून हातगाडीवाला चालला होता, त्याची सावली गाडीखाली गेलेली.

"म्हणजे आपण सूर्याच्या जवळ आलोय ना, काका? म्हणून एवढं गरम?"

उलट. जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालतो तेव्हा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५ कोटी २१ लाख. मे अखेरीला आपण दूरच चाललेले असतो. बाजारातल्या मापात हा सगळा फरक मीटरभराचाही नाही. नौतपा होतो तो पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली असल्यामुळे, किरण तिरपे न पडता सरळ डोक्यात पडल्यामुळे. मावशी खालून ओरडली, वर उन्हात काय करताय? "सावली शोधतोय," काका म्हणाले. ती म्हणाली, खाली या, इथे आहे.

रात्री सूर्याची भाजी झाली. मेथीदाण्याची फोडणी, गूळ, आणि वरून थोडं आमचूर. चांगली झाली होती. जेवण झाल्यावर पुन्हा गच्ची. पश्चिमेला दुसऱ्या दिवसाची चंद्रकोर उतरत होती. दक्षिणेला उंचावर चित्रा नक्षत्राजवळ गुरू, आग्नेयेला नुकताच वर आलेला शनी. काकांची जुनी दुर्बीण पाण्याच्या टाकीवर टेकवून नातीने गुरूचे चंद्र पाहिले, तीन मोजले, चौथ्यावर आमचं एकमत होईना. "ही मोठी सुपारी," ती म्हणाली, "आणि ती लहान." तिने बाजाराच्या दिशेने बोट दाखवलं, मग आकाशाकडे, मग पुन्हा बाजाराकडे. थर्माकोलचं मॉडेल तिला तरीही करावंच लागलं, पुठ्ठ्यावर बसेल एवढं हवं होतं. तिने सूर्याखाली बारीक अक्षरात लिहिलं: यह सही नाप नहीं है.

माझी गाडी पहाटेची होती. चारला निघालो, काका स्कूटरवर सोडायला. ठोक बाजारात एक ट्रक रिकामा होत होता, आणि फळकुटावर तोच हमाल, पाठीवर कट्टा. मला पाहून थांबला. पूर्वेला, गोदामाच्या पत्र्यावर, शुक्र झळाळत होता. त्याच्याजवळ जाईल असा एकही तारा आकाशात नव्हता.

"सुकवा," तो हनुवटीने दाखवत म्हणाला. आणि मग, जरा थांबून, "वही राई के दाना ए का?"

म्हटलं, होय, तोच मोहरीचा दाणा. सव्वीस पावलांवरचा.

"त अतेक कइसे चमकथे?"

मी ढगांचं सांगायला लागलो. त्याच्याभोवती आम्लाचे दाट ढग आहेत, पडलेल्या उजेडातला चारात तीन हिस्से ते परत फेकतात, त्या ढगांखाली शिसं वितळेल एवढी आग. तो ऐकत होता, पाठीवर पन्नास किलो तसेच. वरून कुणीतरी ओरडलं. तो फळकुटावरून चार पावलं उतरला, कट्टा थप्पीवर टाकला, कमरेवर हात ठेवून पुन्हा वर बघायला लागला. काकांनी स्कूटर सुरू केली.